तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरकंडक्टर सोडून धूळ का?

रामबागेतल्या गणपतीत भेटणाऱ्या काकूंपासून ते एमएस्सीच्या जुन्या मित्रमैत्रिणींपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. सुपरकंडक्टरवर, म्हणजे पुरेसं थंड केलं की विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या पदार्थांवर, पीएचडी केलीस, मग ते सोडून हवेतली धूळ का मोजत बसलीस? "धूळ" म्हणताना आवाज जरा उतरतो, तो मला ऐकू येतो.

धूळ म्हणजे केर नव्हे हो. मी मोजते ते कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याएवढे, ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. 2017 ला इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हापासून तर लोकांना वाटतं की इथे मोजायचं काय उरलंय, पण रस्ता झाडला म्हणून हवा झाडली जात नाही.

हे माझं ठरलेलं उत्तर, आणि ते खरंही आहे, पण तुम्ही विचारता ते हे नाही, माहितीये मला.

1993 चा डिसेंबर होता, पीएचडीचं तिसरं वर्ष. इट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडमध्ये थोडं तांबं काढून दुसरा धातू घालायचा आणि काय होतं ते बघायचं असं काम. पावडर अ‍ॅगेटच्या खलात तासन्‌तास घोटायची, गोळी दाबायची, नऊशेच्या वर भट्टीत भाजायची, मग ऑक्सिजन सोडून हळूहळू थंड करायची. हा पदार्थ 92 केल्विनच्या (उणे 181 अंश सेल्सिअसच्या) आसपास सुपरकंडक्टर होतो, म्हणजे स्वस्तात मिळणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या 77 च्या वर, 1987 नंतर आमच्यासारख्या लॅबनाही हे काम जमायला लागलं ते त्यामुळेच. तर त्या रात्री गोळीवर सिल्व्हर पेंटने चार तारा चिकटवल्या, बाहेरच्या दोन करंटच्या, आतल्या दोन व्होल्टेजच्या, आणि थंड करत गेले. 140 केल्विनला व्होल्टेज काढणाऱ्या रेकॉर्डरचं पेन खाली आलं. सरळ शून्यावर.

रात्रीचे अकरा वाजले होते, लॅबमध्ये मी एकटी. गरम करून परत थंड केलं, परत 140 ला पेन खाली. दोनदा आलं म्हणजे खरंच आहे असं मी धरलं. पण दोन्ही वेळा गोळी तीच, तारा त्याच, चिकटवलेल्या जागाही त्याच, म्हणजे मी तीच चूक दोनदा मोजली होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. सकाळी सरांना चार्ट दाखवला. सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "लिहून काढ." आठवड्याभरात आमचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट एका परिषदेला गेला.

मग चुंबकीय मोजणी केली, जी आधी करायला हवी होती. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र आतून बाहेर ढकलतो, इथे 140 ला काहीच नाही. नवीन तारा लावल्या तर ती उतरण गेली, ग्राफ गुमान 92 पर्यंत आला. गोळीत एक बारीक तडा होता. थंड झाल्यावर तो उघडायचा आणि करंट दुसऱ्याच वाटेने जायचा, आतल्या दोन तारांमध्ये करंटच नाही तर व्होल्टेज कुठून येणार? शून्य व्होल्टेज म्हणजे शून्य रेझिस्टन्स नव्हे, हे मी स्वतः एमएस्सीच्या मुलांना शिकवत होते.

सरांनी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतला, चूक स्वतःच्या नावावर घेतली, मला एक शब्द बोलले नाहीत. बोललं दुसरंच कोणीतरी, चहाच्या वेळी, मला ऐकू जाईल असं: "मुलीला घाई झाली." तीस वर्षं झाली, ते वाक्य आहे तिथेच आहे.

नंतर मी गोळ्यांना तारा नीट का जोडल्या जात नाहीत त्यामागे लागले. फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीने वरचे काही नॅनोमीटर बघितले तर वर पदार्थ वेगळाच! बेरियम हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, वर कार्बोनेटचा थर बसतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. म्हणजे आपण तार चिकटवतो ती ज्याच्यावर काम करतोय त्याच्यावर नाहीच. तिथे मी अडकले ते अडकलेच. पृष्ठभागावरून कणांवर येणं ही फार मोठी उडी नाही, वस्तू जितकी बारीक तितका तिचा जास्त भाग पृष्ठभागच, आणि कणावर सल्फेट बसलंय की काजळी यावर तो पाणी धरून ढगाचा थेंब होईल का ते बरंचसं ठरतं. म्हणजे प्रश्न तोच आहे, वरच्या थरात काय आहे.

हे मी मुलाखतीत असंच सांगितलं होतं. पण तेव्हाची मी समोर बसली असती तर म्हणाली असती, खोटं बोलतेस, तू पळालीस. मी तिला म्हणते, पळणारा माणूस फिल्टर तीन-तीनदा तोलत नाही. चोवीस तासांत चोवीस घनमीटर हवा ओढली की फिल्टरवर जमतो जेमतेम मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम, हाताला घाम असला तरी वजन हलतं, म्हणून दर वेळी एक कोरा फिल्टर सोबत तोलते. ती म्हणते, म्हणजे अजून घाबरतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

2023 च्या जुलैत एलके-99 चा, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाच सुपरकंडक्टर असल्याचा दावा काही कोरियन शास्त्रज्ञांनी केला त्या पदार्थाचा, व्हिडिओ मला किमान वीस जणांनी पाठवला, "बघ, तुझं तिकडे झालं." पुढे कळलं की रेझिस्टन्समधली ती उतरण कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती. लोक त्या कोरियन मंडळींना हसत होते. मला हसता आलं नाही. पेन खाली येताना छातीत काय होतं ते मला माहितीये.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, मी सुपरकंडक्टिव्हिटी घेऊ का? मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत "घे" म्हटलं, आणि मग दिवसभर तेच डोक्यात, की इतक्या पटकन कसं म्हणाले मी.