न्यू जर्सीत बालवाडीने काय साधलं

अमेरिकेत सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. न्यू जर्सी राज्यात ती बहुधा एखाद्या गावाची किंवा शहराची असते, आणि शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच मालमत्ता करातून येतो. आपल्याकडे गडचिरोलीतल्या जिल्हा परिषद शिक्षकाचा पगार पुण्यातल्याप्रमाणेच राज्याच्या तिजोरीतून होतो. न्यू जर्सीत मात्र कॅमडेनसारख्या गरीब शहराने कराचा दर चढा ठेवला तरी हाती थोडंच लागायचं, कारण घरांनाच किंमत नव्हती.

याविरुद्ध १९८१ मध्ये ‘ॲबट विरुद्ध बर्क’ हा खटला उभा राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आदेश दिला की २८ गरीब शहरी डिस्ट्रिक्टमध्ये दर विद्यार्थ्यामागचा नियमित शिक्षणाचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा. पुढे ही संख्या ३१ झाली. भारतीयांची मोठी वस्ती असलेलं जर्सी सिटीही त्यात आहे. बरोबरी व्हायला १९९७ उजाडलं. पण पाचव्या वर्षी शाळेत येणारं मूल शब्दसंग्रहात आधीच मागे असेल, तर पहिलीत सारखा पैसा देऊन ती तूट भरत नाही. म्हणून १९९८ च्या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग, माझ्या मते, तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी हा होता.

सुरुवात वाईट झाली. शाळांकडे खोल्या नव्हत्या, म्हणून खाजगी पाळणाघरांशी करार झाले. तिथल्या बऱ्याच बायकांकडे पदवी नव्हती, पगार तुटपुंजा होता, आणि राज्याने पाळणाघरांचेच निकष पुरेसे मानले. मुलं सांभाळली जात होती, शिकवणं मात्र बेताचं. प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं आणि २००० मध्ये निकष पक्के झाले: वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, एक शिक्षिका, एक मदतनीस, आणि सप्टेंबर २००४ पर्यंत शिक्षिकेकडे पदवी व बालशिक्षणाचं प्रमाणपत्र. शिक्षिकांच्या या शिक्षणाची फी राज्याने भरली. पगारही सरकारी शाळेइतका करावा लागला. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ती सुटली की सगळं सुटतं: पाळणाघरातली बाई प्रमाणपत्र मिळताच जास्त पगाराच्या शाळेत जाते आणि वर्गात पुन्हा नवखी बाई येते.

दिवस सहा तासांचा, वर्ष १८० दिवसांचं. कामावर जाणाऱ्या आईवडिलांसाठी त्याला जोडून सांभाळण्याची सोय होती. ती नसती तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तीच मुलं आली नसती. शिवाय अनुभवी मार्गदर्शक शिक्षिका नेमल्या. त्या वर्गात बसून ७ गुणांच्या मोजपट्टीवर निरीक्षण करत आणि जिथे गुण कमी, तिथे बाईंबरोबर काम करत. त्यांच्याकडे नोकरीचं मूल्यमापन दिलं नाही, हे फार शहाणपणाचं. ज्या व्यक्तीच्या शेऱ्यावर नोकरी अवलंबून असते, तिच्यापुढे कोणी अडचण उघड करत नाही.

रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी या मुलांचा चौथी-पाचवीपर्यंत माग काढला. दोन वर्षं बालवाडी केलेली मुलं, ती न केलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे पाऊण वर्ष पुढे होती. एकाच इयत्तेत मागे राहण्याचं प्रमाण १९ वरून १२ टक्क्यांवर आणि शिकण्यातल्या अडचणींमुळे विशेष शिक्षण घ्यावं लागण्याचं १७ वरून १२ वर आलं. कोणतं मूल बालवाडीत जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, तेव्हा आकडे जपून वाचावेत. तरी दोन वर्षांचा फायदा एका वर्षापेक्षा स्पष्ट मोठा दिसतो, म्हणून पैसे कमी आहेत म्हणून फक्त चार वर्षांच्यांना घ्या हा सल्ला मला पटत नाही.

शाळांच्या इमारती बांधण्याची हकिगत वेगळी. गरीब डिस्ट्रिक्टसाठी २००० मध्ये ६ अब्ज डॉलर मंजूर झाले, पण ते राबवणारं महामंडळ गैरव्यवस्थापनामुळे २००७ मध्ये गुंडाळावं लागलं.

२००८ च्या कायद्याने नावाने यादी करण्याऐवजी मुलागणिक सूत्र आणलं. गरीब मुलामागे मूळ रकमेवर ४७ ते ५७ टक्के जादा; डिस्ट्रिक्टमध्ये गरिबी जितकी दाट तितका हा टक्का वर. दाटीला वेगळं वजन देणं योग्यच आहे, कारण वर्गात पाच मुलं मागे असणं आणि वीस मागे असणं ही बाईंसाठी दोन वेगळी कामं आहेत. पण सूत्र कागदावर, पैसा अर्थसंकल्पात: २०११ मध्ये कपात भरून काढायला पुन्हा न्यायालयाला सांगावं लागलं. आणि याच कायद्याने इतर गरीब डिस्ट्रिक्टना कबूल केलेल्या बालवाडीच्या विस्तारासाठी तरतूद सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. २००८ मध्ये तीन वर्षांची असलेली मुलं तोवर सातवीत पोचली होती.