किल्टसाठी चुणी धरणारे कापड निवडताना: माझा अनुभव

मुलाच्या स्कॉटिश मित्राच्या लग्नासाठी मुलाचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घरीच शिवायचा, असे मी गेल्या वर्षी ठरवले. एडिंबरोला येण्यापूर्वी मी पुण्यात अनेक वर्षे नऊवारी शिवून देत असे आणि पारंपरिक किल्टलाही जवळजवळ तितकेच, म्हणजे आठ वार कापड लागते, हे कळल्यावर मला आपलेपणाच वाटला. फरक एवढाच, की नेसायच्या साडीच्या निऱ्या दर वेळी नव्याने घालता येतात. किल्टच्या चुण्या मात्र कंबरेपासून नितंबापर्यंतच शिवलेल्या असतात आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत त्या केवळ इस्त्रीच्या धारेवर आणि कापडाच्या वजनावर उभ्या राहतात. म्हणून किल्टमध्ये शिलाईइतकेच महत्त्व कापडाच्या निवडीला आहे.

हे मला नुकसान सोसून समजले. प्रथम मी एका दुकानातून रंग पाहून टार्टन, म्हणजे किल्टचे रंगीत चौकड्यांचे कापड, घेतले. ते ऍक्रिलिक होते. इस्त्री करून घातलेल्या चुण्या संध्याकाळपर्यंत फुगून गोल झाल्या आणि इस्त्री अधिक तापवली, तेव्हा त्या जागी कापडावर चकाकी येऊन ते कडक झाले. ते कापड मी बाजूला ठेवले आणि त्यानंतर नमुन्याचे तुकडे मागवून तपासल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, असे ठरवले.

तपासणीची रीत साधी होती. प्रत्येक तुकड्याला तीन चुण्या घालून कच्चा टाका मारायचा, ओले फडके ठेवून वाफेची इस्त्री दाबायची, तुकडा जागचा न हलवता पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग टाका काढून तो गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात रात्रभर टांगायचा. इथल्या दमट हवेत टिकेल तीच चुणी खरी, असा माझा त्यामागचा विचार होता.

सुती ड्रिल, म्हणजे जाड घट्ट विणीचे कापड, सकाळी चुरगळलेले आणि चुण्या उघडलेले मिळाले. सुती कापडाचाच किल्ट हवा असेल, तर प्रत्येक चुणीच्या कडेला वरून शिलाई मारावी लागेल. ट्वीड लोकरीचेच असूनही त्याची घडी बोथट राहिली, कारण त्याचे सूत मऊ आणि केसाळ असते. वर्स्टेड लोकरीत मात्र लांब तंतू विंचरून समांतर केलेले असतात आणि सुताला घट्ट पीळ असतो, त्यामुळे घडीची धार सुरीसारखी बसते. त्यातही तिरप्या रेघांची ट्विल वीण असलेले कापड अंगाला घट्ट पण पडायला लवचीक असते. वाफेने लोकरीच्या तंतूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि कापड गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, हे समजल्यावर गार होईपर्यंत थांबण्याचे महत्त्व मला पटले. गरम कापड उचलले, की सगळी मेहनत वाया जाते.

पॉली-व्हिस्कोजने, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजच्या मिश्र कापडाने, मला सुखद धक्का दिला. पॉलिएस्टर उष्णतेने आकार धरते, म्हणून त्याच्या चुण्या वाफेतही हलल्या नाहीत आणि ते घरी धुताही येते. रोजच्या वापराला किंवा वाढत्या वयाच्या मुलाला मी निःशंकपणे तेच सुचवीन. परंतु चालताना चुण्या एकामागून एक हलून परत जागेवर पडतात, तो डौल मला लोकरीतच दिसला.

लोकरीचे वजन इथे धावत्या वारामागे औंसांत सांगतात. साधारण १० औंसांचे कापड हलके पडले, १६ औंसांचे सर्वांत उत्तम होते, पण उन्हाळ्यातल्या लग्नाला जड वाटले असते. म्हणून मी १३ औंसांचे घेतले. दुप्पट पन्ह्याचे चार वार कापड उभे मधोमध चिरून जोडले, की आठ वार होतात, आणि एवढ्या कापडाचे वजन सुमारे दीड किलो भरते. किल्टला खाली दुमड घालत नाहीत, कारण दुमडीच्या जाडीने चुण्या फाकतात. तेव्हा काठ स्वच्छ विणलेला आहे ना, हे मी बोट फिरवून पाहिले.

आणखी एक मोजमाप घेण्याआधीच करावे लागते, ते टार्टनच्या नक्षीच्या पुनरावृत्तीचे. तिला सेट म्हणतात. माझ्या कापडाचा सेट सात इंचांचा होता. प्रत्येक चुणीत एक सेट घेऊन बाहेर पाऊण इंच दाखवला, की चुणीची खोली तीन इंचांहून थोडी अधिक येते, आणि मागून प्रत्येक चुणीवर नक्षीची तीच रेघ दिसते. सेट फार लहान असेल तर चुणी उथळ होते आणि उथळ चुणी लवकर उघडते. तीस चुण्या टाचणीने लावायला मला तीन संध्याकाळी लागल्या, पण त्यांतली एकही मी घाईने लावली नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि मुलगा तासभर मोटारीतही बसला. रात्री किल्ट कंबरपट्टीला चिमटे लावून टांगला. सकाळी पाहिले, तर बसण्याच्या जागेवरच्या दोन चुण्यांची धार तेवढी मंदावली होती; ओले फडके ठेवून त्या दाबल्या आणि गार होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.