अमेरिकेत आई-वडिलांची नर्सिंग होममध्ये हेळसांड झाली, तर दाद कुठे मागायची

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. आई किंवा बाबा जिथे आहेत ती जागा कायद्याच्या दृष्टीने नर्सिंग होम आहे की असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामात मदत मिणारं, पण नर्सिंग होमइतकी शुश्रूषा नसलेलं निवासस्थान)? दारावरच्या पाटीवर ‘सीनियर लिव्हिंग’, ‘केअर सेंटर’ असं काहीही असतं, त्यावरून कळत नाही. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा) ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर नर्सिंग होमच्या यादीत नाव सापडलं, तर ते केंद्र सरकारची मान्यता असलेलं नर्सिंग होम आहे आणि १९८७ चा नर्सिंग होम रिफॉर्म कायदा तिथे लागू होतो. असिस्टेड लिव्हिंगला हा कायदा लागू नाही, तिथे त्या त्या राज्याचे नियम चालतात आणि ते बरेचदा ढिले असतात. खाली दिलेल्या तासांच्या आणि दिवसांच्या मुदती नर्सिंग होमसाठी आहेत.

पैसे कोण भरतं यावर हे हक्क अवलंबून नाहीत. मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) असो, विमा असो की मुलं खिशातून भरत असोत, मान्यताप्राप्त जागेत सगळ्यांना सारखीच काळजी मिळायला हवी. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली नाहीत म्हणून मेडिकेअर नाही, म्हणून आपण गप्प बसायचं, असा समज पुष्कळ घरांमध्ये दिसतो. त्याला कायद्यात काही आधार नाही.

मारहाण झाली की ती निदान दिसते. हेळसांड मात्र कागदावर वाचावी लागते. तीन आकडे लक्षात ठेवा: महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ टक्के, सहा महिन्यांत १० टक्के. एवढं वजन घटलं तर ते लक्षणीय मानलं जातं आणि संस्थेने त्याची कारणं शोधून आहाराची योजना बदलायला हवी. दुसरी खूण म्हणजे बेडसोर, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. माकडहाड आणि टाचा आधी बघा. पहिल्या पायरीत फक्त लाली असते, दाबली तरी ती जात नाही. चौथ्या पायरीत स्नायू किंवा हाड उघडं पडतं. इथे केंद्राचा नियम स्पष्ट आहे: जो रहिवासी जखमेशिवाय आला त्याला ती होता कामा नये, प्रकृतीमुळे ती खरोखरच अटळ असेल तेवढा अपवाद. ‘वय झालंय, अंगात ताकद नाही, व्हायचीच होती’ हे उत्तर तुम्हाला मिळेलच. पण अटळ म्हणायचं असेल, तर धोका आधी ओळखला होता, कूस बदलायची योजना केली होती, ती पाळली होती आणि फरक पडेना तेव्हा बदलली होती, हे सगळं संस्थेने दाखवायला हवं. चारांतली एक कडी तुटली तरी उत्तर लंगडं पडतं. दावे बहुतेक इथेच उभे राहतात किंवा पडतात.

मराठी माणसासाठी तिसरी खूण, म्हणजे अचानक सुरू झालेलं गुंगीचं औषध, जास्त महत्त्वाची. स्मृतिभ्रंश वाढला की नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते आणि माणूस मराठीवर येतो. ‘पाणी दे गं’, ‘मांडी दुखतेय’ हे कुणाला कळत नाही, माणूस ओरडतो, नर्स नोंदीत ‘गोंधळलेले, आक्रमक’ असं लिहिते आणि दोन दिवसांनी एखादं अँटिसायकोटिक (मनोविकारावरचं, गुंगी आणणारं औषध) सुरू होतं. वैद्यकीय कारण नसताना, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी गुंगीचं औषध देणं याला नियमांत रासायनिक बंधन म्हणतात आणि त्याला मनाई आहे. रहिवाशाला त्याच्या भाषेत प्रकृतीची माहिती मिळण्याचा हक्क आहे. केंद्राचे पैसे घेणाऱ्या संस्थेने पात्र दुभाषा फुकट द्यायचा असतो आणि ते काम तुम्हीच करा, असं ती तुम्हाला सांगू शकत नाही. ही मागणी लेखी करा आणि केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रहिवाशाच्या काळजीच्या लेखी योजनेत, घालून घ्या. नंतर ‘तक्रार कधी केलीच नाही’ असं कुणी म्हणालं, तर हा कागद उपयोगी पडतो.

आता कागदपत्रं. वकील शोधण्याच्याही आधी हे करा. तोंडी किंवा लेखी मागितल्यापासून २४ तासांत नोंदी पाहायला मिळायला हव्यात (शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून), आणि प्रतींसाठी दोन कामाचे दिवस. प्रतींचा वाजवी खर्च ते घेऊ शकतात. मागायचा हक्क रहिवाशाला आणि त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला. म्हणजे आरोग्याबाबतचं मुखत्यारपत्र तुमच्या नावे असेल तर तुम्हाला. ‘हिपामुळे (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे) देता येत नाही’ असं काउंटरवर सांगतात, ते अशा प्रतिनिधीला लागू नाही. मुखत्यारपत्र नसेल आणि आई-बाबांना समज असेल, तर आजच त्यांच्याकडून संमतीपत्रावर सही घ्या. समज गेल्यावर त्यांचे कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मिळवायला कोर्टात जावं लागू शकतं, त्यात महिने जातात.

मागताना ‘फाइल द्या’ म्हणू नका, नावानिशी मागा. एमडीएस मूल्यमापनं (रहिवाशाच्या प्रकृतीची ठरावीक नमुन्यातली तपासणी), केअर प्लॅनच्या सगळ्या आवृत्त्या, नर्सच्या नोंदी, औषधं दिल्याचे आणि उपचार केल्याचे तक्ते, वजनाची नोंद, त्वचा तपासणीची पानं, कूस बदलल्याची आणि खाण्यापिण्याची नोंद. घटना-अहवाल ते गोपनीय म्हणून नाकारतील, तरी मागा आणि नकार लेखी घ्या. केअर प्लॅनच्या तारखा बघा: प्राथमिक योजना दाखल झाल्यापासून ४८ तासांत, पूर्ण मूल्यमापन १४ दिवसांत, त्यानंतर ७ दिवसांत संपूर्ण योजना. पडण्याच्या घटना असतील, तर प्रत्येक पडण्यानंतर योजनेत काय बदललं ते तपासा. तीन वेळा पडूनही ओळ तीच असेल, तर ते फार बोलकं आहे. कूस बदलल्याच्या खुणा जरा संशयानेच वाचा. दर दोन तासांनी, एकाच अक्षरात, महिनाभर सलग खुणा असतील, तर रुग्ण हॉस्पिटलात होता त्या तारखा त्यांच्याशेजारी ठेवून पाहा. तो इमारतीत नसतानाही त्याची कूस बदललेली सापडते, आणि अशा एका ओळीने अख्ख्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

फोटो रोज एकाच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून घटनेची तारीख आणि वेळ देऊन ‘हे चित्रण, कॉल बेलच्या नोंदी आणि त्या पाळीचं कर्मचारी वेळापत्रक जपून ठेवा’ असं पत्र लगेच पाठवा, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालानेही. खोलीत स्वतःचा कॅमेरा लावायचा असेल तर राज्याचा कायदा आधी बघा. टेक्सस, इलिनॉय, मिनेसोटा अशा काही राज्यांनी त्याला रीतसर परवानगी दिली आहे, पण खोलीतल्या दुसऱ्या रहिवाशाची संमती लागते. चोरून लावलेला कॅमेरा उलट तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

तक्रार कुठे करायची, यात लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो. प्रत्येक कार्यालय एकच काम करतं आणि दुसऱ्याचं करत नाही. माणूस आत्ता धोक्यात असेल किंवा मारहाण, लैंगिक अत्याचार यांचा संशय असेल, तर थेट ९११. संस्थेच्या मॅनेजरची परवानगी लागत नाही. लैंगिक अत्याचाराच्या संशयात अंघोळ घालू देऊ नका, कपडे आणि चादर धुवायला देऊ नका.

लाँग टर्म केअर ओंबड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, प्रत्येक राज्यात असतो आणि फुकट मदत करतो. जेवण, घंटेला उत्तर न मिळणं, केअर मीटिंगमधली टाळाटाळ, नर्सिंग होममधून काढण्याची धमकी, यात त्याच्याइतका उपयोग कुणाचा नाही. रहिवाशाच्या संमतीशिवाय तो नाव उघड करत नाही. पण त्याच्याकडे दंडाचा अधिकार नाही. तो अधिकार राज्याच्या सर्वेक्षण संस्थेकडे, बहुतेक ठिकाणी आरोग्य खात्यात. ते निरीक्षक पाठवतात आणि नियमभंग सापडला, तर २५६७ क्रमांकाच्या फॉर्मवर लिहितात. तो दंड सरकारला जातो, तुम्हाला काही मिळत नाही, तरी हा फॉर्म पुढच्या दाव्यात कामाला येतो. तक्रारीत ‘आई फक्त मराठी बोलते, दुभाषा आणावा’ हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर निरीक्षक इंग्रजीत दोन प्रश्न विचारून ‘मुलाखत शक्य नाही’ असं लिहून जातो. मेडिकेडच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेत छळ झाला असेल, तर राज्याचं मेडिकेड फ्रॉड कंट्रोल युनिट फौजदारी तपास करू शकतं. हे दार कुटुंबांना सहसा माहीतच नसतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर एल्डरकेअर लोकेटर या मदतवाहिनीला फोन करा: १-८००-६७७-१११६.

संस्थेवरही घड्याळ चालू असतं. छळाचा आरोप किंवा गंभीर इजा असेल तर तिने दोन तासांत राज्याला कळवायचं, बाकी बाबतीत २४ तासांत, आणि स्वतःच्या चौकशीचा निष्कर्ष पाच कामाच्या दिवसांत द्यायचा. म्हणून तुमचा आरोप ईमेलने करा, वेळ त्यावर आपोआप उमटते. ‘तक्रार केली तर आईला त्रास देतील’ ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण सूड घेणं बेकायदा आहे आणि बाहेर काढायचं असेल, तर साधारणपणे ३० दिवसांची लेखी नोटीस, ठरावीक कारणांपैकी एक कारण आणि अपिलाचा हक्क द्यावा लागतो. अपील वेळेत केलं, तर निकाल लागेपर्यंत सामान्यतः काढता येत नाही.

नुकसानभरपाईचा मार्ग दिवाणी दाव्याचा. त्याआधी दाखल करतानाच्या कागदांचा गठ्ठा काढा आणि लवादाचा करार (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची कबुली) शोधा. त्यावर सही केली असेल, तर तुम्ही ज्युरीसमोर जायचा हक्क सोडलेला असतो. २०१९ च्या केंद्रीय नियमानुसार प्रवेशासाठी या सहीची अट घालता येत नाही आणि सही केल्यावर ३० दिवसांत ती मागे घेता येते. ३० दिवस उलटले असतील तरी आशा सोडू नका: सही कुणी केली आणि त्याला तो अधिकार होता का, यावर हे करार अनेकदा मोडतात. फक्त आरोग्याचं मुखत्यारपत्र असलेल्या मुलीला कोर्टाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार होता का, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. त्याच गठ्ठ्यात ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून तुमची सही असेल. मुलांनी स्वतःच्या खिशातून बिलाची हमी द्यावी, अशी अट घालायला मनाई आहे.

दाव्याची मुदत राज्यावर अवलंबून. केंटकी आणि टेनेसीत शारीरिक इजेला साधारणपणे एकच वर्ष मिळतं, बऱ्याच राज्यांत दोन. खरा सापळा मात्र मधल्या पायऱ्यांचा असतो. फ्लोरिडात दावा दाखल करण्याआधी नोटीस देऊन ७५ दिवस थांबावं लागतं. टेक्ससमध्ये प्रतिवादीचं उत्तर आल्यापासून १२० दिवसांत तज्ज्ञाचा अहवाल दिला नाही, तर दावा फेटाळला जातो. न्यूयॉर्कमध्ये नर्सिंग होम काउंटीचं (स्थानिक सरकारचं) असेल तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. सरकारी मालकीच्या संस्थांबाबत एक नवा रस्ताही आहे: ८ जून २०२३ च्या ‘तालेव्हस्की’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की १९८७ च्या कायद्यातले रासायनिक बंधनाविरुद्धचे आणि बेकायदा हलवण्याविरुद्धचे हक्क मोडले, तर नागरी हक्क कायद्याखाली सरकारी मालकाविरुद्ध दावा करता येतो. खासगी संस्थांना हे लागू नाही, आणि बहुतेक नर्सिंग होम खासगीच आहेत.

वकील निवडताना ‘अपघाताच्या केस घेतो’ एवढ्यावर भागत नाही. त्याने नर्सिंग होमचे दावे चालवले आहेत का, तज्ज्ञाचा खर्च आधी कोण भरणार, दावा हरला तर तो खर्च कोणाच्या डोक्यावर, हे लेखी घ्या. फी साधारणपणे वसुलीच्या एक तृतीयांश ते ४० टक्के असते. इमारतीचा मालक एक, चालवणारी कंपनी दुसरी, व्यवस्थापन तिसऱ्याकडे, अशी रचना सर्रास असते. फक्त पाटीवरच्या नावावर दावा केला, तर हाती येतो तो जेमतेम विमा असलेला रिकामा डबा. ‘वयामुळे कमाई नव्हती, म्हणून केस छोटी’ असं सांगणारे वकील भेटतात. काही राज्यांत ते खरं असतं, पण कॅलिफोर्नियात हेळसांड बेपर्वाईने झाली हे भक्कमपणे सिद्ध झालं, तर वकिलाची फीही मिळू शकते. म्हणून दुसऱ्या वकिलाला विचारा.

मृत्यू झाला असेल तर इथे घाई नडते. आपल्याकडे अंत्यसंस्कार लवकर उरकतात आणि दहनानंतर शरीरावरचा पुरावा उरत नाही. संशय असेल तर फ्यूनरल होमला थांबायला सांगा आणि मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूची तपासणी करणारे सरकारी अधिकारी) स्वतः फोन करा. नर्सिंग होमने ‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणून कळवलं असेल, तर ते आपणहून येणार नाहीत. त्यांनी नकार दिला तर खासगी शवविच्छेदन करता येतं, खर्च तुमचा. ते होईस्तोवर काही दिवस शरीर शीतगृहात ठेवता येतं, धार्मिक विधी त्यानंतरही होतात. मृत्यूनंतर दावे दोन: मृत व्यक्तीने भोगलेल्या वेदनांचा आणि कुटुंबाच्या नुकसानीचा. पहिल्यासाठी सहसा प्रोबेट कोर्टाकडून (वारसाहक्काचं काम पाहणारं कोर्ट) मृताच्या इस्टेटचा प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो. मुखत्यारपत्र मृत्यूबरोबरच संपतं, त्यामुळे त्यानंतर त्यावर नोंदी मागितल्या तर नकार मिळतो.

आणि तडजोडीची रक्कम ठरली तरी ती सगळी तुमची नसते. मेडिकेअर किंवा मेडिकेडने त्या जखमेच्या उपचारांवर खर्च केलेला पैसा परत मागायचा हक्क त्यांना असतो. आई हयात असेल आणि मेडिकेडवर असेल, तर मोठी रक्कम तिच्या खात्यात आल्याबरोबर तिची पात्रता जाऊ शकते. सही करण्याआधी पैसे कोणत्या ट्रस्टमध्ये जाणार, हे मेडिकेडचं काम करणाऱ्या वकिलाकडून ठरवून घ्या.