जुन्या फोनवर लिनिएज २०: बॅटरी खाणारा बग शेवटी सापडला

मंडळी, मागच्या बिल्डनंतर तीन आठवडे एकाच बगच्या मागं होतो. चार-पाच दिवसांपूर्वी रात्री सापडला, म्हणून आज निवांत लिहायलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोन जुना आहे, कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टीमचा गाभा) ४.९, त्यावर लिनिएज २० म्हणजे अँड्रॉइड १३ वर आधारलेली सिस्टीम चालवायलोय, डिव्हाइस ट्री (त्या फोनपुरत्या सेटिंगच्या फाईली) आणि कर्नलचं पोर्ट (त्या फोनवर चालेल असं रूपांतर) माझंच. माझ्याकडं टेबलावर एक फोन टेस्टिंगला आहे आणि तसलाच दुसरा आमचे बप्पा रोज वापरतात, लातूरजवळ शेत आहे तिथं. माझ्या फोनची बॅटरी रात्रभरात ४ टक्के उतरायची, बप्पांचा मात्र रोज संध्याकाळच्या आत बंद. "आज बी दुपारलाच गेलं की रं हे," एवढंच म्हणायचे. बॅटरी बदलून बघितली, सिम बदललं, रेंज कमी असेल म्हणून एक दिवस एअरप्लेन मोडवर ठेवलं, तरी तेच.

मग त्यांना बॅटरी पूर्ण जायच्या आत दुपारीच घरी बोलावलं, केबल लावली आणि आधी वेकअप सोर्सेसची (फोन कोण जागा ठेवतंय याची) फाईल काढली. त्यात अ‍ॅक्टिव्ह सिन्स नावाचा कॉलम असतो, एखाद्या ड्रायव्हरनं (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) आत्ता फोन जागा धरून ठेवला असेल तर किती वेळापासून ते मिलिसेकंदात दिसतं. केबलमुळं चार्जरची ओळ जागी असणारच, ती सोडून द्या, पण फिंगरप्रिंटच्या ओळीत दोन कोटींच्या वर आकडा होता राव! म्हणजे जवळपास सहा तास फोन झोपलाच नव्हता, स्क्रीन बंद असून आत सीपीयू जागा.

ड्रायव्हर उघडून ओळ न ओळ वाचला. बोट लागलं की इंटरप्ट (सेन्सरचा इशारा) येतो, ड्रायव्हर वेकलॉक (फोनला झोपू न देणारं कुलूप) घेतो, सेन्सर वाचतो, मग वेकलॉक सोडतो. पण वाचताना एरर आली तर फंक्शन मधूनच रिटर्न व्हायचं आणि वेकलॉक सोडायची ओळ चालायचीच नाही. माझं बोट कोरडं स्वच्छ, मला ती एरर कधीच येत नव्हती. बप्पा हरभऱ्याला पाणी देऊन येतात, अंगठ्याला ओली काळी माती. मी पण कुंडीतली माती भिजवून बोटाला लावली, पाचव्या वेळेलाच वेकलॉक अडकला, इतका आनंद झाला की रात्री दीडला घरच्यांना उठवणार होतो.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची. एररच्या वाटेवर पण वेकलॉक सोडला, शिवाय घेतानाच त्याला २ सेकंदांची मुदत दिली, म्हणजे उद्या अजून कुठं चुकलं तरी फोन आपोआप झोपेल. नुसती बूट इमेज (कर्नल असलेली फाईल) बनवून पीसीवरच्या फास्टबूट बूट कमांडनं तात्पुरती चालवून बघा, फ्लॅश करायची (फोनमध्ये कायमची बसवायची) गरज नाही, प्रत्येक ट्रायलला पूर्ण बिल्ड करत बसलो असतो तर १६ जीबी रॅमच्या माझ्या पीसीवर महिना गेला असता. चार दिवस झाले, बप्पांचा फोन रात्री झोपताना ५० टक्क्यांच्या वर असतो.

दुसरं काम टॉर्चचं. लिनिएजमध्ये स्क्रीन बंद असताना पॉवर बटण दाबून धरलं की टॉर्च लागते आणि ठरवलेल्या वेळानं आपोआप बंद होते. चांगलंच फीचर आहे, पण रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात मोटार चालू करायला बांधावरून जाताना मधेच अंधार झाला तर पाय कुठं पडेल सांगता येत नाही, त्यात साप-विंचवाची भीती. म्हणून फोनविंडोमॅनेजरमध्ये (बटणं सांभाळणारा सिस्टीमचा भाग) बंद व्हायच्या १० सेकंद आधीचा अजून एक अलार्म टाकला, फोन दोनदा थरथरतो, तेवढ्यात बटण धरलं की मुदत परत पहिल्यापासून. हे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलंय.

कीबोर्डमध्ये र वर लाँग प्रेस केलं की आता ऱ येतो, युनिकोडमधला ०९३१. तो नसल्यानं "शेतकर्यांना" असं टाइप व्हायचं, ते डोळ्याला फार खुपायचं. मराठी फोनवर "शेतकऱ्यांना" नीट लिहिता आलंच पाहिजे.

एसईलिनक्स (सिस्टीमची सुरक्षा) एन्फोर्सिंगवरच, म्हणजे पूर्ण चालू आहे, एक डिनायल (नाकारलेली परवानगी) उरलंय. ब्लूटूथवर कॉलचा आवाज अजून फाटतो, त्याचे लॉग काढून ठेवलेत. कुणाकडं हाच फोन असेल तर ओल्या बोटानं टेस्ट करून सांगा.