घरच्या सरकीत बीटी कुठून आली?

सप्टेंबरअखेर जिंतूर तालुक्यातल्या एका सेंद्रिय कापूस गटाची अंतर्गत तपासणी करत होतो. पऱ्हाटी पात्याफुलावर होती. शेतकरी काकांची डायरी चोख होती: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाण्यात फवारा, एकरी 2 कामगंध सापळे (अळीचे नर पतंग वासाने ओढून पकडणारे), शेणखताच्या गाड्यांचीही नोंद.

डायरीनंतर मी बांध पाहतो. पूर्वेच्या बांधावर गवत हिरवं, कोळ्यांची जाळी, पानांवर ढालकिडे, क्रायसोपा या मित्रकिडीची देठावरची अंडी. पश्चिमेच्या बांधावरची रुंद पानांची तणं मात्र करपलेली आणि त्याला लागून कापसाच्या दोन ओळींची पानं भेंडीच्या पानासारखी फाटलेली. शेजारच्या आडसाली उसात 2,4-डी हे तणनाशक मारलं की कापसावर हीच खूण दिसते. वाऱ्याने येणारा फवारा अडवायला तिथे तूर किंवा बाजरीच्या दाट ओळी हव्या होत्या. त्या नव्हत्या.

मग बीटीची पट्टी लावली. बीटी म्हणजे जनुक बदललेला कापूस, सेंद्रियात तो चालत नाही. पानाचा तुकडा नळीत द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर पट्टी चालू आहे एवढंच कळतं. दुसरीही उमटली तर बीटी. वीस झाडांपैकी तीन झाडांना दोन रेघा आल्या.

काकांनी बियाणं विकत घेतलेलं नव्हतं, सरकी घरचीच होती. पण सरकी वेगळी करायला कापूस रेचला होता गावाजवळच्या जिनवर. यंत्रात आधीच्या गाडीची सरकी अडकून राहते, पुढच्या मालात मिसळून बाहेर पडते. बियाण्याचा कापूस हातरेच्यावरच काढायला हवा, निदान जिनमधली पहिली सरकी बाजूला टाकायला हवी.

तो प्लॉट सेंद्रिय मालातून वेगळा काढण्याची शिफारस लिहिली. हंगामी पिकाला सेंद्रियकडे रूपांतराची दोन वर्षं लागतात. ती पुन्हा मोजावी लागली तर तेवढा काळ जादा भाव नाही.

"मग साहेब, निंबोळी कशाला कुटायची?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो. ज्या रानात मित्रकिडी टिकल्या, तेच रान यादीतून गेलं. 2,4-डी मारणाऱ्याला प्रमाणपत्राचा नियम लागूच नाही. प्रमाणपत्र शेताला मिळतं, वारा आणि नाल्याचं पाणी मात्र सगळ्या शिवाराचं असतं. म्हणून अहवालात बियाण्याच्या दोषाखाली दुसरी नोंद केली: पुढच्या वर्षी गट सुट्या शेतांचा न करता नाल्याच्या दोन्ही काठांच्या सलग शेतांचा करावा. संध्याकाळी काकांसोबत उसवाल्या शेजाऱ्याकडे गेलो. वारा पडल्यावरच फवारायला तो तयार झाला. गटात यायचं मात्र त्याने कबूल केलं नाही.