प्लंबरचा परवाना काढायचाय? सेलू ते लातूर फिरून जमवलेली माहिती

आयटीआयचं प्रमाणपत्र हातात पडलं की प्लंबरचा परवाना मिळाला, असं आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही वाटतं. तसं नाही. प्रमाणपत्र केंद्राच्या कौशल्य खात्याचं असतं आणि देशभर चालतं. परवाना देते महापालिका किंवा नगरपालिका, आणि तो त्या शहराच्या हद्दीपुरताच. नांदेडच्या परवान्यावर लातुरात नळजोडणीच्या अर्जावर सही करता येत नाही. हे नीट समजून घ्यायला भाच्याला बरोबर घेऊन मी मराठवाड्यात फिरलो. त्याचं दहावीत गणित राहिलंय, पण गावातल्या मिस्त्रीच्या हाताखाली त्याचा हात चांगला बसलाय. ज्यांच्या घरात असं पोरगं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेलूहून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरली. धर्माबादहून मनमाडला जाणारी ही गाडी खंडपीठाच्या तारखांना आणि कचेरीच्या कामांना जाणाऱ्यांनी भरलेली असते, पण संभाजीनगरात एका दिवसात काम उरकून परतायचं तर तिच्यासारखी सोय नाही. पाण्याची बाटली भरून न्या. कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स गावातूनच काढून न्या, कारण कचेरीच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे दुपारी रांग असते.

आधी आयटीआयचं सांगतो. प्लंबर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि दहावी नापास झालेल्यांनाही त्याला प्रवेश मिळतो. वय चौदा पूर्ण लागतं. प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून एकत्रित होतो. दहावीचा निकाल लागला की अर्ज सुरू होतात आणि मग गुणवत्ता यादीच्या फेऱ्या लागतात. प्रत्येक आयटीआयत प्लंबर ट्रेड असतोच असं नाही. आपल्या तालुक्याच्या नावापुढे तो आहे का, हे पर्याय भरायच्या आधी यादीत बघा. शासकीय आयटीआयची फी खाजगीच्या मानाने फारच थोडी आहे, म्हणून पहिले पर्याय शासकीयच टाका. वर्ष संपलं की अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं.

एका शासकीय आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये निदेशकांनी आम्हाला मनापासून फिरवून दाखवलं. एक मुलगा वाईसमध्ये (पाईप घट्ट धरायच्या शिकंज्यात) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप धरून आटे पाडत होता. आटे कापायचं हत्यार, म्हणजे डाय, अर्धा फेरा पुढे, मग थोडा मागे, म्हणजे कातलेला चुरा तुटून पडतो, आणि वरून तेलाचा थेंब. घाई करून सलग फिरवलं की आटे फाटतात आणि तो जोड आयुष्यभर ठिबकतो. मग सफेदा लावून सूत गुंडाळलं, तेही आट्यांच्या दिशेनेच. भाचा एवढे दिवस टेफ्लॉन टेप उलट्या बाजूने गुंडाळत होता. एल्बो (वळणाचा जोड) चढवताना ती निघून का येते, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. आता सीपीव्हीसी आणि पीपीआरचे प्लास्टिक पाईप आल्यावर जीआय कशाला शिकायचं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या शहरांतल्या घरांत अजून जीआयचीच लाईन आहे आणि दुरुस्तीची सगळी कामं तिथूनच येतात.

वय उलटून गेलंय आणि वर्षभर वर्गात बसणं शक्य नाही, अशांसाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. तिला आरपीएल म्हणतात. पण ते प्रमाणपत्र परवान्यासाठी चालतं का, हे त्या-त्या पालिकेत आधी विचारा. पीएम विश्वकर्मा योजनेत प्लंबर बसतो असं सांगून फॉर्म भरून देणारे गावोगाव भेटतात. त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, प्लंबर नाही. त्या फॉर्मपायी कुणाला पैसे देऊ नका.

आता परवाना. मराठवाड्यात पाच महापालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना. बीड, धाराशिव, हिंगोली इथे नगरपालिका. परवान्याचं काम पाणीपुरवठा विभागात चालतं. आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि फी एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. अनुभवाचा दाखला, अनामत रक्कम, थकबाकी नसल्याचा दाखला हे शहरागणिक बदलतं. म्हणून तोंडी माहितीवर विसंबू नका, कागदांची यादी लिहूनच घ्या.

एका कचेरीत आम्हाला 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या' एवढंच ऐकायला मिळालं. तिथं कामाला आला तो सेवा हमीचा फलक. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. त्याखाली नगरविकास विभागाने अधिसूचित केलेल्या सेवांत 'प्लंबर परवाना' आणि 'प्लंबर परवाना नूतनीकरण' या दोन्ही सेवा आहेत. सेवा, फी, किती दिवसांत मिळेल आणि कुणाकडून, हे फलकावर लिहिणं कचेरीला बंधनकारक आहे. त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अर्ज दिला की तारखेची पोच मागा. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर तिथेच पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. आवाज चढवायची गरज पडत नाही. फलकाकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

परवाना मिळाला की नवीन नळजोडणीच्या अर्जावर तुमची सही चालते. मुख्य लाईनला फेरूल (जोडणी काढायची छोटी पितळी तोटी) बसवण्यापासून घरापर्यंतच्या जोडणीची जबाबदारी तुमची. काही ठिकाणी इमारतीच्या भोगवट्याच्या दाखल्याच्या वेळीही ड्रेनेजच्या कागदावर परवानाधारकाची सही मागतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, सही भाड्याने देऊ नका. काम दुसऱ्याने करायचं आणि शे-दोनशे घेऊन सही आपण करायची, असं चालतं. जोडणी बेकायदा निघाली तर नाव तुमचं, परवाना तुमचा. शिवाय चुकीच्या जागी पाडलेल्या एका छिद्रातून नालीचं पाणी आख्ख्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्यात जातं. त्या गल्लीत लहान लेकरं असतात.

पैशांचं म्हणाल तर नांदेडला आणि लातूरला जे मिस्त्री भेटले त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. हेल्परला ४०० ते ५०० रुपये रोज. हात बसलेल्या मिस्त्रीला तालुक्याच्या गावी ६०० ते ७००, संभाजीनगरात ७०० ते ९००. पण नुसत्या रोजावर राहणारा मिस्त्री फार पुढे जात नाही, कारण महिन्याचे तीसही दिवस काम नसतं. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, सणावारात हात मोकळे राहतात. महिन्याला वीस-बावीस दिवस भरले तर चांगले समजायचे.

खरा फरक उक्त्या कामाने, म्हणजे रोजावर न जाता पूर्ण कामाची मजुरी एकदम ठरवून घेतलेल्या कामाने पडतो. एका बाथरूमची लाईन, भिंतीत पाईपसाठी झिरी मारण्यापासून फिटिंग बसवेपर्यंत, माल मालकाचा धरून मजुरी ५ ते ८ हजार सांगतात. दोन माणसांनी तीन-चार दिवसांत काम उरकलं तर रोजापेक्षा बरं सुटतं. पण उक्त्यात गळती निघाली की पदरचे पैसे जातात. लातूरच्या एका मिस्त्रीची पद्धत भाच्याने वहीत लिहून घेतली. टाइल्स बसायच्या आधी तो टेस्ट पंपाने लाईनमध्ये दाब भरतो आणि रात्रभर गेज तसाच ठेवतो. सकाळी मालकासमोर काटा दाखवतो आणि मगच गवंड्याला हात लावू देतो. "काटा हलला नाही हे मालकानं बघितलं की पैशाला कटकट करत नाही, बगा," असं तो म्हणाला. त्याच्याकडे कामं चालत येतात.

आयटीआयनंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करावी असं माझं मत झालं आहे. अॅप्रेंटिस कायद्याच्या २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. आकडा बदलत राहतो, नोंदणीच्या वेळी चालू दर विचारून घ्या. मिस्त्रीच्या हाताखालच्या रोजापेक्षा हे कमी वाटेल. पण संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा किंवा लातूर, नांदेडच्या एमआयडीसीत मोठ्या पंपांची आणि पाईपलाईनची देखभाल शिकायला मिळते. ती गावात मिळणार नाही.

आखाताचं स्वप्न बऱ्याच पोरांच्या डोळ्यांत असतं. दहावी नापास असेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागते, आणि आखाती देशांत कामाला जायचं तर मंजुरी घ्यावी लागते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. त्याला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. लाख-दीड लाख मागणाऱ्याला घरात घेऊ नका. भाच्याला मी सांगितलंय, राहिलेला गणिताचा पेपर आधी सोडव, पासपोर्टचं नंतर बघू.

मराठवाड्यातलं काम पुण्या-मुंबईसारखं नाही, हे फिरताना ठळक दिसलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही. त्यामुळे घर तिथे जमिनीत हौद, हौदावर मोटार, गच्चीवर टाकी आणि बऱ्याच ठिकाणी शिवाय बोअर. नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एका टाकीत कसं आणायचं, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कुठे टाकायचा, मोटार पाण्याऐवजी हवा का ओढते, हे ज्याला कळतं त्याला कामाची वाण नाही. नांदेडच्या मिस्त्रीने काढून ठेवलेला एक अँगल कॉक आम्हाला दाखवला. आत क्षाराचा पांढरा थर इतका बसला होता की काडी जाईल एवढंच भोक उरलं होतं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत गीझर, शॉवर, कॉक सगळ्यांचं हेच होतं. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगचं काम ठरवून घेतलं तर पावसाळ्यातही घर चालतं. संभाजीनगरात जायकवाडीहून २५०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीची योजना आहे. घरोघरी जोडण्या बदलायच्या झाल्या की परवानाधारकांना काम मिळेल. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात तर गळणारा नळ बंद करणारा माणूस लोकांना घरच्यासारखा वाटतो. खेड्यात राहूनच काम करायचं असेल तर जल जीवन मिशनच्या 'नल जल मित्र' प्रशिक्षणाबद्दल ग्रामपंचायतीत विचारा.

हौदावरून आणखी एक. सेप्टिक टँक तुंबला की प्लंबरलाच बोलावतात आणि 'जरा आत उतरून बघ' म्हणतात. उतरायचं नाही. आतला वायू दिसत नाही, एक माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी मशीनची गाडी असते. बरेच दिवस बंद राहिलेल्या हौदाचंही झाकण आधी उघडं ठेवा, आणि एकट्याने कधीही उतरू नका.

काही कागद कामाला लागल्या लागल्या करून घ्या. बांधकाम कामगार कल्याण मंडळात प्लंबरची नोंदणी होते. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६० आणि फी अवघा १ रुपया. मुलांच्या शिष्यवृत्तीसकट बऱ्याच योजना त्यावर मिळतात. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पॅन कार्ड काढून ठेवा, कारण कंपनीचं काम घेतलं की ती टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे देते आणि पॅन नसेल तर जास्त कापते. पाईप रेंच, हॅकसॉ, टेस्ट पंप ही हत्यारं एकदम घेऊ नका. पहिल्या उक्त्या कामाच्या पैशातून एकेक घ्या, पण टेस्ट पंप आधी.

परतीला लातूरहून गंगाखेडमार्गे एसटीने परभणी गाठली. लातूर-परभणी रस्त्याला रात्री उशिरा गाड्या कमी होतात, म्हणून कचेरीचं काम दुपारपर्यंत संपेल असं बघा. सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी खिडकीवर गर्दी असते, मंगळवार-बुधवार बरे. भाच्याने घरून ये-जा करता येईल अशा दोन आयटीआय अर्जात आधी टाकायच्या ठरवल्या आहेत. वर्ग सुटल्यावर आणि रविवारी तो जुन्याच मिस्त्रीकडे जाणार, आणि त्या कामाच्या तारखा वहीत लिहून मिस्त्रीची सही घेत राहणार, म्हणजे उद्या परवान्याला अनुभवाचा दाखला मागितला तर हाताशी असेल.