लंडनमधलं युद्धातल्या जनावरांचं स्मारक : नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

लंडनला जाणाऱ्या आपल्या नागपूरकरांच्या यादीत राजवाडा असतो, टॉवर ब्रिज असतो. पार्क लेनवरचं ‘ॲनिमल्स इन वॉर’ स्मारक क्वचितच असतं. ते नक्की घाला. पण बसच्या खिडकीतून बघून पुढे जाऊ नका, तिथून अर्धंच दिसतं.

सेंट्रल लाईनच्या मार्बल आर्च स्टेशनला उतरा आणि हाइड पार्क उजव्या हाताला ठेवून ब्रूक गेटपर्यंत चालत या. भुयारी रेल्वेत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, मात्र माणशी वेगळं कार्ड लागतं. त्यावर परदेशी व्यवहार नागपुरातूनच सुरू करून घ्या. स्मारक रस्त्याच्या मधोमध आहे, दोन्हीकडून गाड्या धावतात, म्हणून सिग्नलवरूनच ओलांडा. तिकीट नाही, फाटक नाही.

समोर पांढऱ्या पोर्टलंड दगडाची वळणदार भिंत आहे आणि तिच्यातल्या फटीकडे ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं निघाली आहेत. शिल्पकार डेव्हिड बॅकहाउस. 24 नोव्हेंबर 2004 रोजी राजकन्या ॲन यांनी अनावरण केलं. भिंतीवर वेगळी कोरलेली एक छोटी ओळ आहे : त्यांना पर्यायच नव्हता.

आई सोबत होती. तिचं माहेर काटोलकडचं. तिने काही न वाचताच पुढे होऊन खेचराच्या खांद्यावर हात ठेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणाऱ्या घरातली ती. जू आणि ओझं कुठे रुततं हे तिला सांगावं लागलं नाही.

ही खेचरं आपल्याला परकी नाहीत. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या टेकड्यांवर खंदकांपर्यंत पाणी आणि दारूगोळा पोचवला तो भारतीय खेचर तुकड्यांनी. ब्रिटिश सैन्य मोटारींवर गेल्यावर फ्रान्सच्या बर्फाचिखलासाठी 1939 च्या डिसेंबरात पुन्हा भारतातूनच खेचर कंपन्या मागवल्या. ब्रह्मदेशात शत्रूच्या फळीमागे शिरून लढणाऱ्या चिंडिट तुकड्यांनी जपान्यांना चाहूल लागू नये म्हणून खेचरांचा आवाजच शस्त्रक्रिया करून काढून टाकला होता. हे आधी वाचून जा. मग त्या दोन मुक्या आकृतींपुढून पाय हलत नाही.

आता फटीतून पलीकडे जाच. तिथे हिरवळीवर ओझं नसलेला एक घोडा आहे आणि मागे वळून पाहणारा कुत्रा. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मेलेल्या जनावरांच्या रिकाम्या आकृत्यांची रांग कोरली आहे. बहुतेक लोक खेचरांसोबत फोटो काढून परततात, त्याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे बरेच जण मे-जूनमध्ये जातात. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, संध्याकाळ स्मारकासाठी ठेवा. नोव्हेंबरात गेलात तर दुपारी चारनंतर अंधारतं, पण युद्धस्मृतीच्या त्या दिवसांत तिथे जनावरांसाठीच्या जांभळ्या पॉपी फुलांची चक्रं वाहिलेली असतात. तेही पाहण्यासारखं.

तिथून बागेच्या कडेने हाइड पार्क कॉर्नरपर्यंत चालत जा. कॉन्स्टिट्यूशन हिलवरच्या मेमोरियल गेट्सपाशी आपल्याकडच्यासारखी एक घुमटाची छत्री आहे. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या सैनिकांचं हे स्मारक. छत्रीत व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळवणाऱ्यांची नावं आहेत. परतीला पिकाडिली लाईन तिथूनच मिळते आणि ती थेट हीथ्रोपर्यंत जाते.